कोकमाचं एचसीए दर वेळी वेगळं येतंय? नवा कॉलम मागवायच्या आधी हे बघा

कोकमाच्या सालीतलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, म्हणजे सगळे ज्याला एचसीए म्हणतात ते, एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक कॉलम नावाच्या पूड भरलेल्या नळीतून वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, मोजायला घेतलं की रडगाणं ठरलेलं असतं. सोमवारी अठरा टक्के आलं, त्याच पिशवीतलं आमसूल गुरुवारी परत लावलं तर चौदा, मग कुणी म्हणतं कॉलम गेला, कुणी म्हणतं स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा माहीत शुद्धतेचा नमुना, जुनं झालं, आणि ज्याचा माल आहे तो फोनवर विचारतो की साहेब नक्की कुठला आकडा लेबलवर छापू. मग नवा कॉलम येतो, चार दिवस बरं चालतं, आणि परत तेच सुरू.

कॉलम खराब होतो, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा आकडा बिघडतो तो सॅम्पलची व्हायल (छोटी बाटली) मशीनमध्ये जायच्या आधीच. म्हणून आधी एक साधी तपासणी करा. एचसीए आणि त्याचा लॅक्टोन (पाणी गमावून झालेलं त्याचंच रूप), दोघांचं स्टँडर्ड घ्या, दोन्ही वेगवेगळे मोजा आणि मोलमध्ये बेरीज करा. आम्ल आणि लॅक्टोन दोघंही हलतायत पण बेरीज जागच्या जागी आहे, तर तुमचा सॅम्पल वाटेत कुठेतरी तापलाय किंवा आम्लात पडून राहिलाय, मशीनला काही बोलू नका. बेरीजच हलतेय पण स्टँडर्ड ठीक येतंय, तर गडबड सॅम्पल काढण्यात किंवा अर्क घेण्यात आहे. आणि स्टँडर्डच सरकतंय तर मात्र पंप, कॉलम, मोबाइल फेज (कॉलममधून सॅम्पल वाहून नेणारं द्रावण), डिटेक्टरचा दिवा यांच्याकडे वळा. हे तीन फाटे ठरवल्याशिवाय काहीही बदलू नका, कारण एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आणि आकडा सुधारला तर कशामुळे सुधारला ते शेवटपर्यंत कळत नाही.

लॅक्टोनची भानगड अशी. एचसीएच्या रेणूत कार्बॉक्सिल तीन आणि हायड्रॉक्सिल दोन, त्यातलं एक हायड्रॉक्सिल एका कार्बॉक्सिलला गाठतं, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि आतल्या आत कडी जुळून लॅक्टोन होतो. रेणुभार २०८ वरून १९० वर येतो. याला लागतं काय तर आम्लपणा, ऊब, आणि पाणी कमी होत जाणं. आता आमसूल कसं करतात ते आठवा. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, साल त्याच रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची. म्हणजे आम्लही आलं, मे महिन्यातलं ऊनही आलं आणि पाणी उडणंही आलं! त्यामुळे आमसूल प्रयोगशाळेत येतं तेव्हाच त्यात थोडाफार लॅक्टोन असतोच, तो काही तुमची चूक नाही. पण त्यापुढे आपण काय करतो, अर्क रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली आटवायच्या यंत्रावर) घालून ऐंशी अंशाला मधासारखा घट्ट होईपर्यंत आटवतो, तोच रात्रभर तसाच बाकावर ठेवतो, आणि सकाळी एचसीएचं एकच पीक (आलेखावरचा सुळका) मोजून रिपोर्ट लिहितो. कमी येणार नाही तर काय होणार.

हा घोळ आजचा नाही. मलबारी चिंच म्हणतात ती गार्सिनिया कॅम्बोजिया, कोकमाची दक्षिणेतली भावंड, तिच्यातलं आम्ल टार्टारिक आणि सिट्रिक आहे असंच आधी धरून चालले होते. १९६५ साली लुइस आणि नीलकंठन यांनी म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेमधून ते मुख्यतः उणे हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल आहे हे दाखवलं. म्हणजे ज्या आम्लानं जाणकारांनाही इतकी वर्षं चकवलं ते आपल्याला एका पिकावरून आणि एका लाटलांबीवरून सरळ उत्तर देईल अशी अपेक्षाच जरा जास्तीची आहे. कोकमाच्या सुक्या सालीत २० ते ३० टक्के एचसीए असतं असं जागोजागी लिहिलेलं सापडतं आणि एचपीएलसीनं मोजलेल्या कामांत दहा-बारा टक्केही दिसतं, तेव्हा तुमचा आकडा यातल्या एकाशी जुळला नाही म्हणून लगेच घाबरू नका.

आता उपाय. एक रस्ता असा की लॅक्टोन उघडून सगळं परत आम्लात आणायचं आणि एकच पीक मोजायचं. अर्काचा मोजून घेतलेला भाग घ्या, सोडियम हायड्रॉक्साइड घालून चांगला अल्कधर्मी करा, वॉटर बाथवर थोडा वेळ कोमट ठेवा, गार करा, मग फॉस्फोरिक आम्ल घालून मोबाइल फेजच्या पीएचला आणा, व्हॉल्यूम पूर्ण करा आणि त्याच दिवशी इंजेक्ट करा. किती वेळ आणि किती अंश हे माझ्याकडून किंवा कुणाकडून उसनं घेऊ नका, लॅक्टोनचं स्टँडर्ड याच वाटेनं घालवा आणि त्याचं पीक पूर्ण गेलंय आणि तेवढंच एचसीए परत मिळतंय हे बघा, जेवढ्यात ते होतं तेवढाच वेळ तुमचा. शेवटी आम्ल घालायला मात्र विसरू नका. अल्कधर्मी सॅम्पल तसाच आम्लधर्मी मोबाइल फेजमध्ये टोचला की पीक फाटतं, दोन शेंडे दिसतात, आणि मग कुणीतरी त्यातला दुसरा शेंडा लॅक्टोन म्हणून मोजतं, हेही होताना बघितलंय.

पण हा रस्ता अमृत कोकमाला, म्हणजे कोकमाच्या पाकाला, लावू नका! त्यात साखर भरपूर, आणि साखर अल्कलीत गरम झाली की तुटून स्वतःचीच आम्लं तयार करते, लॅक्टिक, फॉर्मिक वगैरे, ती सगळी २१० नॅनोमीटरला, म्हणजे एचसीए ज्या यूव्ही लाटलांबीवर मोजतात तिथेच, दिसतात आणि नेमकी एचसीएच्या आजूबाजूला येऊन बसतात. सरबताच्या अर्कात एचसीए जास्त आलं म्हणून मालक खूश, आणि ते पीक असतं साखरेच्या पिल्लांचं. शंका असली तर तेवढ्याच साखरेचं नुसतं पाणी याच प्रक्रियेतून घालवा आणि क्रोमॅटोग्राम (मशीननं काढलेला आलेख) बघा, लगेच डोळे उघडतात. सरबत आणि पाकातल्या मालासाठी दुसरा रस्ता बरा, अल्कली नाही, उष्णता नाही, सॅम्पल थंड पाण्यानं पातळ करायचा, गाळायचा, आणि आम्ल व लॅक्टोन वेगवेगळे मोजून बेरीज द्यायची. लॅक्टोनचा आकडा २०८ भागिले १९०, म्हणजे साधारण १.०९५ नं गुणला की तो एचसीएच्या भाषेत येतो. फक्त दोघांचा २१० ला प्रतिसाद सारखा आहे असं धरू नका, लॅक्टोनचा कॅलिब्रेशन वक्र वेगळा काढा. कॉलमवर आधी कोण येतो आणि नंतर कोण हेही स्वतःच्या स्टँडर्डवरूनच ठरवा, दुसऱ्याचा क्रोमॅटोग्राम बघून पिकांना नावं देऊ नका.

आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, थोडं वेगळं प्रकरण. त्यात मीठ एवढं असतं की क्रोमॅटोग्रामच्या तोंडालाच मोठा उंचवटा येतो, आणि एचसीए लवकर बाहेर पडत असेल तर त्याच उतारावर बसतं. इंटिग्रेशनची (पिकाखालचं क्षेत्रफळ मोजायची) रेघ कुठून ओढायची यावर मग आकडा ठरतो, म्हणजे खरं तर माणसावर ठरतो. पातळ करा, इंजेक्शन वीसऐवजी पाच मायक्रोलिटर करा, आणि मिठाचं तेवढंच पाणी ब्लँक म्हणून टोचून उंचवटा कुठपर्यंत जातो ते बघून ठेवा.

स्टँडर्डबद्दल. बाजारात एचसीए बहुतेक क्षार म्हणून मिळतं, कॅल्शियमचा किंवा पोटॅशियमचा, कारण मोकळं आम्ल टिकत नाही. बाटलीवर शुद्धता ९८ टक्के लिहिलंय म्हणजे ९८ टक्के क्षार, ९८ टक्के एचसीए नव्हे. शुद्ध कॅल्शियम क्षारात एचसीए साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्के बसतं, पोटॅशियमच्या निर्जल क्षारात साडेचौसष्टच्या आसपास, आणि पाण्याचा एक रेणू सोबत असेल तर एकसष्ट. कॅल्शियमवाला गुणक राहून गेला की तुमचा सगळा माल एका फटक्यात सव्वापटीहून थोडा जास्तच भारी दिसायला लागतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकाच प्रमाणात कायम वेगळे येत असतील तर सगळ्यात आधी हाच गुणक तपासायचा, बाकीचं मागाहून. पोटॅशियमवाला हवेतलं पाणी ओढतो, कोकणात पावसाळ्यात बाटली उघडी ठेवून निवांत वजन करायला बसलात तर संपलंच. कॅल्शियमवाला नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, आम्ल लागतं, तिथं सल्फ्युरिक वापरून दाट स्टॉक केला तर कॅल्शियम सल्फेट तळाला बसू शकतं आणि तुम्हाला वाटतं एचसीएच विरघळलं नाही. फॉस्फोरिकमध्ये विरघळवा, त्रास नाही.

बेरीजच हलत असेल तर आमसुलाकडे या. एक आमसूल दुसऱ्यासारखं नसतं, आणि एकाच सालीचा वरचा थर, ज्यावर रस पुन्हा पुन्हा बसलेला असतो, आणि आतला थर यांतही फरक असतो. त्यातून दोन ग्रॅम चिमटीनं उचलून अर्क काढणार आणि मग रिपीट जुळत नाही म्हणून हैराण होणार. चिकट माल मिक्सरमध्ये गोळा होतो हे खरंय, म्हणून आधी बारीक कापा, डीप फ्रीझरमध्ये कडक करा आणि तसाच थंड वाटा, सोय असेल तर लिक्विड नायट्रोजन घ्या. ते नसेल तर सरळ पन्नास ग्रॅम घ्या आणि जास्त पाण्यात अर्क काढा, मोठ्या वजनाला चुका कमी. अर्क किती वेळा काढायचा याचं उत्तर पुस्तकात नाही, शेवटच्या धुण्यात एचसीए दिसेनासं होईपर्यंत काढायचा, प्रत्येक धुणं वेगळं टोचून एकदा बघा म्हणजे तुमच्या मालाला दोन पुरतात की चार ते कळेल. आणि ओलावा! सुक्या वजनावर आकडा द्यायचा तर ओलावा त्याच दिवशी, त्याच पिशवीतून काढा. साखर-आम्लाचा चिकट माल १०५ अंशाला ठेवला तर वजन कमी होतच राहतं, थांबतच नाही, कारण नुसतं पाणी जात नाही तर माल करपतोही आणि एचसीएतलं लॅक्टोनचं पाणीसुद्धा त्यात येतं, त्यापेक्षा व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६०-७० अंशाला केलेलं बरं. मीठ लावलेलं आमसूल असेल तर मीठ वेगळं मोजून वजा करायचं की नाही ते रिपोर्टवर लिहा, नाहीतर बिनमिठाच्या मालाशी तुलना करून कुणीतरी मिठाच्या मालाला हलका ठरवणार.

गाळताना फिल्टर अडकतो तो पेक्टिनमुळे. अर्काच्या छोट्या भागात अल्कोहोल घातलं की पेक्टिनचे तंतू खाली बसतात, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी घेऊन मोबाइल फेजनं पातळ करा. अल्कोहोल व्हायलमध्ये फार राहू देऊ नका, मोबाइल फेज जवळपास सगळं पाणी आणि सॅम्पल अल्कोहोलात असला की पीक पुढून फुगतं. लाल रंगासाठी, म्हणजे अँथोसायनिनसाठी, सी१८ ची (तेलकट कार्बन साखळ्या लावलेल्या पुडीची) छोटी एसपीई, म्हणजे नको ते अडकवून ठेवणारी, काडतुसं चांगली पडतात, आधी मिथेनॉल मग पाणी घालून तयार करायची, अर्क हळूहळू सोडायचा, रंग वर अडकतो आणि एचसीए खाली निघून येतं. सुरुवातीला एकदा स्टँडर्ड त्यातून घालवून पूर्ण परत मिळतंय ना ते बघायचं, बस.

आता स्टँडर्डच सरकतंय तो फाटा. इथं कोकमवाल्यांचा ठरलेला शत्रू म्हणजे साधा सी१८ कॉलम आणि शंभर टक्के पाण्याची मोबाइल फेज, ८ मिलिमोलर सल्फ्युरिक किंवा पातळ फॉस्फोरिक. सकाळी सगळं छान, मग लाइट जाते, युपीएस दम टाकतो, पंप थांबतो, परत चालू केल्यावर एचसीए एकदम लवकर, थेट सॉल्व्हंटच्या पिकाला चिकटून येतं. कॉलम मेला नाहीये. सी१८ चे तेलकट केस पाण्याला जवळ करत नाहीत, दाब असतो तोवर पाणी छिद्रांत कोंबलेलं राहतं, दाब गेला की छिद्रांतून बाहेर फेकलं जातं आणि मग आम्लाला धरून ठेवायला पृष्ठभागच उरत नाही. नुसतं आणखी पाणी सोडत बसलात तर दिवसभर बसाल. साठ-सत्तर टक्के मिथेनॉल अर्धा-पाऊण तास सोडा, मग परत मोबाइल फेजवर आणून स्थिर होऊ द्या, रिटेन्शन टाइम (पीक यायला लागणारा वेळ) जागेवर येतो. मोबाइल फेजमध्ये फॉस्फेट बफर असेल तर आधी साधं पाणी आणि मगच मिथेनॉल, नाहीतर क्षार कॉलममध्येच जमतो. कायमचा उपाय हवा असेल तर पूर्ण पाण्यात चालणारे सी१८ मिळतात, कॉलम घेताना तेच मागा, किंवा सेंद्रिय आम्लांसाठीचा आयन एक्सक्लूजन कॉलम घ्या.

व्हॉइड टाइम, म्हणजे कॉलमवर मुळीच न अडकणारा पदार्थ बाहेर यायला लागणारा वेळ, माहीत असू द्या. २५० बाय ४.६ मिमीच्या कॉलमवर मिनिटाला एक मिलि प्रवाह असेल तर तो अडीच मिनिटांच्या आसपास असतो, आणि तुमचं एचसीए तीनच्या आत येत असेल तर त्या पिकात आणखी कोण कोण बसलंय सांगता येत नाही. डायोड अॅरेवर (एकाच वेळी अनेक लाटलांबींवर बघणाऱ्या डिटेक्टरवर) पीक प्युरिटी ९९ आली म्हणून निश्चिंत होणारे खूप आहेत, पण मॅलिक, सिट्रिक, एचसीए या सगळ्यांचा यूव्ही स्पेक्ट्रम २१० च्या खालून लांब लाटांकडे उतरत जाणारी एक उतरंड असते, त्यावरून डिटेक्टर त्यांना वेगळं ओळखणार कसा. इथं प्युरिटीचा आकडा निरुपयोगी आहे असंच मी म्हणेन. त्याऐवजी सॅम्पलमध्ये मॅलिक आणि सिट्रिक घालून टोचा, पीक रुंद झालं किंवा खांदा आला तर समजा, आणि शक्य असेल तर तोच सॅम्पल दुसऱ्या तऱ्हेच्या कॉलमवर एकदा चालवा.

पीएच तीनच्या बराच खाली ठेवा, दोन-सव्वादोन चालेल. तीनच्या आसपास ठेवलात तर आम्ल अर्धं आयनात अर्धं तसंच, आणि मोबाइल फेज नवी केली की रिटेन्शन हलतो. काहीजण एलसी-एमएसची (रेणूच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मशीनची) पद्धत उचलतात आणि फॉर्मिक आम्ल घालून २१० वर बघतात, फॉर्मिक स्वतःच तिथं प्रकाश शोषतं, बेसलाइन वर जाऊन बसते, छोटी पिकं बुडतात. फॉर्मिक एमएससाठी ठेवा.

टायट्रेशनवाल्यांसाठी एक वाक्य, कारण हा वाद दर हंगामात होतो. सोडियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेट करून सगळं आम्ल एचसीए म्हणून लिहिलं तर त्यात मॅलिक, सिट्रिक सगळे येतात, तो आकडा एचपीएलसीपेक्षा जास्त येणारच, आणि एक्स्ट्रॅक्टच्या पिंपावर जे भरघोस टक्के छापलेले असतात त्यांची पद्धत विचारल्याशिवाय आपल्या आकड्याला कमी समजू नका. तसंच एचसीए भरपूर निघालं म्हणजे माल कोकमच, असंही नाही, मलबारी चिंचेतही तेच आम्ल आहे. कोकमच आहे का हे बघायचं तर लाल रंगाकडे बघा, सायनिडिनची दोन ग्लायकोसाइड ५२० नॅनोमीटरच्या आसपास वेगळी चालवून.

सीक्वेन्स लावताना एकाच सॅम्पलची व्हायल पहिली आणि शेवटची ठेवायची सवय लावा. ऑटोसँपलर थंड नसेल आणि बाहेर पस्तीस अंश असतील तर रात्रभराच्या रनमध्ये काय हलतं ते त्या दोन इंजेक्शनांतच दिसतं, वेगळा स्थिरता अभ्यास करायला लागत नाही. रिपोर्टवर एचसीए किती, लॅक्टोन किती, बेरीज किती, ओलं की सुकं वजन, मीठ धरून की वगळून, स्टँडर्ड कुठला क्षार, एवढं लिहा. रकाने जास्त होतात, क्लायंट कुरकुरतो, कुरकुरू दे.

आणि रोज रन संपल्यावर कॉलम नुसत्या आम्लाच्या पाण्यात सोडून घरी जाऊ नका. सालीत गार्सिनॉल असतो, पिवळा, तेलात जाणारा, पाण्याच्या अर्कात थोडाच उतरतो, पण जेवढा उतरतो तेवढा पाण्याच्या मोबाइल फेजमध्ये सी१८ वरून हलतच नाही, तिथेच साठत जातो, आणि काही आठवड्यांनी दाब चढायला लागतो किंवा कुठलीच ओळख नसलेले रुंद उंचवटे बेसलाइनवर यायला लागतात. आधी पाणी, मग ऐंशी-नव्वद टक्के अॅसिटोनायट्राइल तासभर, आणि त्यातच कॉलम बंद करून ठेवा, गार्ड कॉलम लावलेला असला तरी.